डोल घेतली, तांडेल दुसरा, परवाना तिसऱ्याच्या नावावर: मालकाची कायदेशीर जबाबदारी नेमकी किती?

तुमचा प्रश्न आधी माझ्या शब्दांत मांडतो, म्हणजे उत्तर कशाचं आहे ते कळेल. तुम्ही रायगड किनाऱ्यावरच्या एका नातेवाइकाकडून इंजिनाची लहान नौका, तीन डोल जाळी (समुद्रतळात रोवलेल्या खुंटांना बांधून ठेवायची पिशवीसारखी जाळी) आणि त्या जाळ्यांच्या कवी, म्हणजे डोल लावायच्या समुद्रातल्या ठरलेल्या जागा, असं सगळं मिळून तोंडी व्यवहारात घेतलंत. पैसे दिलेत, कागद झाला नाही. तुम्ही स्वतः समुद्रावर जात नाही. तांडेल (नौकेवरचा प्रमुख) आणि खलाशी नौका चालवतात. परवाना अजून जुन्या मालकाच्या नावावर आहे आणि तो म्हणतो, ‘राहू दे तसाच, डिझेल परतावा मिळतोय.’ (डिझेलवर भरलेल्या कराचा मच्छीमारांना सरकार देतं तो परतावा.) बंदरावर कुणीतरी सांगितलं की कायदा बोटीला असतो, जाळ्याला नसतो. तेव्हा मालक म्हणून तुम्हाला काय काय करावं लागतं?

मी किनाऱ्यालगतच्या तालुक्यात वकिली करतो आणि मच्छीमार संस्थांची, नौकामालकांची कामं बरीच असतात. म्हणून हे उत्तर लांबणार आहे.

‘कायदा बोटीला असतो’ हे अर्धं खरं आहे. महाराष्ट्र सागरी मासेमारी नियमन अधिनियम, १९८१ हा मुख्यतः नौकेभोवती रचलेला कायदा आहे. नोंदणी नौकेची, परवाना नौकेला. पण त्या परवान्यावर मासेमारीची पद्धतही लिहिलेली असते आणि सरकारला जाळ्याचा प्रकार, जाळ्याचा आस (भोकांचा आकार), क्षेत्र आणि हंगाम या सगळ्यांवर बंधन घालता येतं. शिवाय डोलीचं एक वेगळेपण आहे. ट्रॉलर, म्हणजे जाळं ओढत मासे धरणारी नौका, बंदराला लागला की त्याची मासेमारी थांबते. डोल खुंटाला बांधलेली असते आणि भरती-ओहोटीच्या ओढीवर मासळी तिच्यात येत राहते. तिथे नौका असो वा नसो. त्यामुळे ‘मी तिथे नव्हतो’ हा बचाव ट्रॉलरमालकाला कधीमधी उपयोगी पडेल, डोलवाल्याला जवळजवळ कधीच नाही. जाळं उभं आहे तोवर मालक तिथे हजर आहे असंच यंत्रणा धरते. तुमच्या सगळ्या कर्तव्यांची किल्ली हीच आहे, बाकीचं त्यातून निघतं.

काही गोष्टी परिस्थितीवर अवलंबून आहेत. तुमची कव बंदराच्या हद्दीत किंवा जहाजांच्या मार्गाजवळ आहे का? शेजारच्या गावाची तिथे जुनी वहिवाट आहे का? खलाशी पगारावर आहेत की वाट्यावर? तुमच्या मजकुरात ही माहिती नाही, म्हणून जिथे जिथे यामुळे उत्तर बदलतं तिथे तसं सांगतो.

सुरुवात कागदापासून. नौकेची नोंदणी आणि मासेमारीचा परवाना या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. लोक एकीचा कागद दाखवून दुसरी झाली असं समजतात. दोन्हींचे अर्ज आता रिअलक्राफ्ट पोर्टलवरून होतात. नौकेवर आयएनडी-एमएच असा सुरू होणारा क्रमांक ठळक आणि वाचता येईल असा रंगवलेला हवा. मालक बदलला की दोन्ही कागदांवर नाव बदलून घ्यायचं. कायद्याच्या व्याख्येत इंजिन नसलेली होडीही मासेमारी नौकाच आहे, त्यामुळे ‘माझी लहान आहे, मला लागत नाही’ हे चालत नाही. परवान्यावर पद्धत डोलच लिहिली आहे ना, तेही पाहा. मधल्या काळात कुणी गिलनेटवर (मासे कल्ल्यांनी अडकतात त्या जाळ्यावर) बदल करून घेतलेला असतो आणि नौका मात्र डोलीवर जात असते. परवान्याच्या अटीचा भंग म्हणजे याच्याहून वेगळं काही नसतं.

आता कवीकडे येऊ, कारण तुम्ही पैसे मुख्यतः त्यासाठीच मोजलेत असं दिसतं.

समुद्राच्या तळाचा सातबारा नसतो. राज्यघटनेच्या अनुच्छेद २९७ नुसार प्रादेशिक समुद्राखालची जमीन आणि तिथली मौल्यवान गोष्ट केंद्राकडे निहित आहे. तिथे खुंट मारण्याची जागा तुमच्या नातेवाइकाच्या मालकीची नव्हतीच, त्यामुळे ती त्याने विकली असं कायद्याच्या भाषेत म्हणता येणार नाही. त्याच्याकडे होती ती वहिवाट. गावाने आणि संस्थेने मान्य केलेली, पिढ्यांची. वहिवाटीला किंमत नाही असं मी म्हणत नाही. दोन कवींत अंतर किती, कुणी कुठे खुंट मारायचा, हे आपल्या किनाऱ्यावर गावपंच आणि संस्थाच ठरवत आल्या आहेत. पण ती वहिवाट तुमच्याकडे आली हे त्यांनी मान्य केलं तरच आली. तोंडी व्यवहाराने नाही.

इथे सर्वोच्च न्यायालयाचा १९५५ चा एक निकाल तुम्हाला माहीत असायला हवा. ओडिशातल्या चिलिका सरोवरात काही जणांनी पुढच्या काही वर्षांचे मासे धरण्याचे हक्क तिथल्या जमीनदार राजाकडून पैसे देऊन तोंडी घेतले होते. पुढे जमीनदारी नष्ट झाली, सरोवर राज्याकडे गेलं आणि हे लोक हक्क मागत न्यायालयात गेले. आनंद बेहेरा विरुद्ध ओडिशा राज्य असं त्या खटल्याचं नाव. न्यायालयाने सांगितलं की मासे धरून नेण्याचा हक्क हा स्थावर मालमत्तेत मोडतो, तो शंभर रुपयांहून अधिक किमतीला विकायचा तर नोंदणीकृत दस्त लागतो, आणि दस्त नसेल तर हक्क मिळालाच नाही. तुमचं प्रकरण समुद्राचं आहे, सरोवराचं नाही, आणि इथे मूळ विकणाऱ्याचाच हक्क कच्चा आहे. म्हणजे तुमची बाजू चिलिकावाल्यांहूनही अवघड. म्हणून नौका आणि जाळी यांचा विक्रीकरार करा. कवींसाठी मात्र संस्थेचा ठराव घ्या: अमुक यांच्या कवी यापुढे अमुक वापरतील, सभासदांची हरकत नाही. तो ठराव मालकी देत नाही, पण उद्या कुणी तुमच्या जागेवर खुंट मारला तर दाखवायला हातात तोच कागद असतो.

कव दुसऱ्या गावाच्या नेहमीच्या क्षेत्रात येत असेल तर जपून. पालघरकडचे आणि वसई-उत्तनकडचे मच्छीमार कवींच्या हद्दीवरून किती वर्षं भांडत आलेत हे किनाऱ्यावर सगळ्यांना ठाऊक आहे. सागरी मासेमारीचा कायदा अशा भांडणात फार मदतीचा नाही. एकाने दुसऱ्याची दोरी कापली की प्रकरण सरळ पोलीस ठाण्यात जातं, आणि मग मूळ हक्काचा मुद्दा बाजूला राहून मारहाण आणि नुकसान एवढंच उरतं.

जाळं ओळखू येईल असं ठेवणं हे पुढचं कर्तव्य. आपल्याकडे याकडे सर्वांत जास्त दुर्लक्ष होतं. जगभरात जाळ्यांवर खूण असावी यासाठी अन्न व कृषी संघटनेने २०१८ मध्ये ऐच्छिक मार्गदर्शक तत्त्वं मान्य केली. ती ऐच्छिक आहेत, पण खूण असलीच पाहिजे असं मी माझ्या प्रत्येक अशिलाला सांगतो. कारण साधं आहे. जहाजाने तुमची डोल फाडली आणि तुम्हाला भरपाई मागायची असेल तर पहिला प्रश्न येतो की हे जाळं तुमचंच कशावरून. आणि उलट, सुटलेल्या डोलीत कुणाच्या नौकेचा पंखा अडकला तर तुमचं नसलेलं जाळंही तुमच्या माथी मारलं जाऊ शकतं.

खूण कशी करायची ते सांगतो. बोयावर रंगाने लिहिलेला क्रमांक मोसमभर टिकत नाही, त्याच्यावर शेवाळ आणि काकई चढते. जुन्या प्लास्टिक कॅनची वीतभर लांब पट्टी कापा, तापवलेल्या खिळ्याने नौकेचा क्रमांक त्यात कोरा, दोन टोकांना भोकं पाडून बोयाच्या दोरीला आणि एक जाळ्याच्या तोंडाच्या दोरीला नायलॉनने शिवा. खर्च काहीच नाही. आणि खोल्याच्या, म्हणजे जाळ्याच्या मागच्या मासळी साठणाऱ्या पिशवीच्या, बाजूलाही एक लावा, कारण तुटल्यावर वाहून येतो तो बहुतेक वेळा मागचाच भाग. प्रत्येक कवीचं जीपीएस स्थान वहीत लिहा, खुंट हलवला की तारीख घालून नवं स्थान लिहा. ही वही नुकसानभरपाईच्या दाव्यात सोन्यासारखी असते.

जहाजांच्या वाटेबद्दल. समुद्रात टक्कर टाळण्याचे आंतरराष्ट्रीय नियम सांगतात की अरुंद मार्गात किंवा जहाजमार्गात मासेमारी करणाऱ्या नौकेने दुसऱ्या जहाजाला अडथळा करू नये. रात्री जाळ्यावर उभ्या असलेल्या, ट्रॉलिंग न करणाऱ्या नौकेने वर लाल आणि खाली पांढरा असे चौफेर दिसणारे दिवे लावायचे असतात, आणि जाळं नौकेपासून १५० मीटरपेक्षा जास्त लांब पसरलेलं असेल तर त्या दिशेला आणखी एक पांढरा. तांडेलाला हे माहीत आहे का, विचारा. जलमार्गात अडथळा करणं हा भारतीय न्याय संहितेच्या कलम २८५ खालीही गुन्हा आहे, दंड ५,००० रुपयांपर्यंत. रक्कम मोठी नाही, पण गुन्हा नोंदला गेला की तुमचा भरपाईचा दावा तिथेच लंगडा होतो. बंदराच्या हद्दीत असाल तर बंदर प्रशासन अडथळा काढून टाकू शकतं, आणि तो खर्च तुमच्याकडून वसूल होण्याची तयारी ठेवावी लागते. तेलविहिरींच्या फलाटांभोवती ५०० मीटरचं सुरक्षा क्षेत्र असतं, तिथे जाळं नकोच. तुमच्या कवी किनाऱ्याजवळच्या असतील तर हा शेवटचा मुद्दा लागू नाही.

हंगामाबाबत फार बोलायला नको, सगळ्यांना ठाऊक आहे: १ जून ते ३१ जुलै यांत्रिक नौकांना बंदी. इंजिन नसलेल्या पारंपरिक नौकांना ती नाही. तुमच्या नौकेला इंजिन आहे, म्हणजे तुम्हाला आहे. पण डोलवाल्यांची एक चूक दरवर्षी दिसते. नौका ३१ मेला वर ओढतात आणि एखादं जाळं खुंटावरच राहतं, ‘नंतर काढू’ म्हणून. नंतर समुद्र खवळतो आणि काढायला जाता येत नाही. नौका किनाऱ्यावर असली तरी तुमचं जाळं बंदीत मासे धरत असतं. म्हणून मेच्या शेवटच्या उधाणाची वाट न पाहता त्याच्या आधीच्या भांगाला, पाण्याची ओढ कमी असताना, जाळी आणि जमतील तेवढे खुंट काढायचा नियम करा. काढल्यावर तारीख-वेळ दिसेल असा फोटो काढून ठेवा.

आता जाळ्यात येणाऱ्या मासळीबद्दल, कारण इथे कायदा गेल्या काही वर्षांत खरोखर बदलला आहे. २०२३ मध्ये राज्याने ५४ जातींच्या माशांचं किमान कायदेशीर आकारमान ठरवलं. त्याहून लहान मासा पकडणं आणि त्याचा व्यापार, दोन्हींवर बंधन आलं. त्याच वर्षी पापलेट राज्यमासा झाला. पापलेटची पिल्लं बारीक आसाच्या डोलीत किती सापडतात हे तुम्हाला सांगायला नको. डोल निवड करत नाही. ट्रॉलरवाला जाळं ओढायची जागा तरी बदलू शकतो, डोलीत ओढीबरोबर येईल ते येतं आणि खोला उपसेपर्यंत बरंचसं मेलेलं असतं. ‘मुद्दाम धरले नाहीत’ हे खरं असलं तरी किनाऱ्यावर टोपलीत पिल्लं दिसली की तपासणारा अधिकारी टोपलीच बघतो.

मग करायचं काय? माझ्या अशिलांना मी तीन गोष्टी सांगतो. खोल्याचा आस वाढवा. जवळा आणि करंदीचं उत्पन्न थोडं घटेल हे मान्य, पण पिल्लांचा वाटाही घटतो. ज्या दिवसांत पिल्लं लोंढ्याने येतात तेव्हा संस्थेने मिळून ती कव काही दिवस बंद ठेवावी, एकट्याने ठेवली तर शेजारी हसतात. आणि यादीची छापील प्रत व एक फूटपट्टी नौकेवर असू द्या. हा शेवटचा मुद्दा हास्यास्पद वाटेल, पण तांडेलाने मोजून बाजूला काढलं हे दिसलं की अधिकाऱ्याचा सूर बदलतो, हे मी पाहिलंय.

दंड किती? २०२१ च्या दुरुस्तीने सगळं लाखांत गेलं. कल्पना यावी म्हणून: एलईडी दिव्यांच्या मासेमारीला ५ लाख ते २० लाख. तुमचा त्याच्याशी संबंध नाही, पण कायद्याचा कल कुठे आहे ते कळतं. पूर्वी ही प्रकरणं तहसीलदारांकडे चालायची, आता मत्स्यव्यवसाय विभागाच्याच अधिकाऱ्याकडे चालतात, त्यामुळे निकाल लवकर लागतो. २०२५ पासून किनाऱ्यावर ड्रोनचीही नजर आहे. ‘पकडलं कोणी?’ या प्रश्नाला पूर्वीइतका अर्थ उरलेला नाही.

संरक्षित प्राण्यांचा भाग वेगळा आहे आणि त्यात चूक महागात पडते. समुद्री कासव, डॉल्फिन, व्हेल शार्क, करवत मासा हे वन्यजीव संरक्षण अधिनियम, १९७२ च्या अनुसूची एकमध्ये आहेत. त्यांना मारणं किंवा विकणं म्हणजे तीन ते सात वर्षं कैद आणि किमान २५,००० रुपये दंड. चुकून अडकणं हा गुन्हा होत नाही, पण अडकल्यावर तांडेल काय करतो त्यावर सगळं ठरतं. सोडून देण्यासाठी जाळं कापावं लागलं तर शासन भरपाई देतं, कमाल २५,००० रुपयांपर्यंत. वन आणि मत्स्यव्यवसाय विभागांचा हा निर्णय २०१८ च्या अखेरचा आहे आणि कांदळवन कक्ष ते काम बघतो. दावा फेटाळला जातो तो बहुधा पुराव्याअभावी. म्हणून खलाशांना सांगून ठेवा: आधी प्राणी जाळ्यात अडकलेला दिसेल असा एक फोटो, मग कापतानाचा व्हिडिओ, मग पाण्यात जाताना, आणि शेवटी कापलेलं भोक, ज्यात नौकेचा क्रमांकही दिसेल. खलाशांपैकी एकाने मोबाइल धरला की झालं. जाळ्याच्या खरेदीची पावती मात्र तुमच्याकडे हवी, आणि तोंडी व्यवहारात ती नसते. म्हणून विक्रीकरारात जाळ्यांची किंमत वेगळी लिहा.

खलाशांबद्दल थोडक्यात. प्रत्येकाचं ओळखपत्र नौकेवर असायलाच हवं. २६/११ च्या हल्ल्यात कुबेर नावाची मासेमारी नौका वापरली गेली तेव्हापासून यात सवलत मिळत नाही. परप्रांतातले किंवा नेपाळचे खलाशी असतील तर त्यांची माहिती पोलीस ठाण्यात द्या. लाइफ जॅकेट माणसागणिक एक. तटरक्षक दलाचा मदत क्रमांक १५५४ आणि सागरी सुरक्षेचा १०९३ केबिनमध्ये लिहून ठेवा. प्रधानमंत्री मत्स्य संपदा योजनेतल्या सामूहिक अपघात विम्यात मृत्यूला ५ लाख रुपये मिळतात, संस्थेमार्फत प्रत्येकाचं नाव त्यात आहे का बघा. हा विमा असला म्हणून मालकाची स्वतःची जबाबदारी संपत नाही. पगारी खलाशाचा अपघात झाला तर भरपाईचा कायदा १९२३ पासून आहे, तो आता सामाजिक सुरक्षा संहितेत सामावलाय. वाट्यावरच्या माणसाचं प्रकरण गुंतागुंतीचं होतं: तो नोकर की भागीदार हे वाटा कसा ठरला, खर्च कोण करतं, हुकूम कुणाचा, यावरून ठरतं. चार ओळींचा करार लिहून त्यावर सह्या घेतल्यात तर पुढचा मोठा वाद वाचतो.

इथवरचं एका दमात सांगायचं तर: कागद तुमच्या नावावर, जागेला संस्थेचा ठराव, जाळ्यावर खूण आणि वहीत स्थान, मेअखेर जाळं बाहेर, टोपलीत पिल्लं नाहीत, कासव आलं तर सोडून फोटो.

राहिला जुन्या मालकाचा प्रस्ताव, परवाना त्याच्याच नावावर राहू देण्याचा. नको. कागदोपत्री तो मालक आणि प्रत्यक्षात तुम्ही, अशा स्थितीत दंडाची नोटीस त्याला जाईल, तो ती तुमच्याकडे ढकलेल, आणि सुनावणीत तुम्हाला बोलायचा अधिकारच नाही अशी अडचण उभी राहील. डिझेल परतावा तर आणखी वाईट: प्रत्यक्षात नौका ज्याची नाही त्याने परतावा घेणं हे शासनाची फसवणूक म्हणून उभं राहू शकतं, आणि ते पैसे तुमच्या इंजिनात जळलेल्या डिझेलचे आहेत. नौका जप्त झाली तर सोडवून कोण घेणार? विमा कंपनीनेही विचारलं की विमा उतरवताना मालक कोण होता, तर उत्तर काय देणार?

नातेवाईक आहे, नाराज होईल, हे समजतं. त्याला सांगा की नाव बदलल्याने त्याच्याही डोक्यावरचा धोका जातो. उद्या तुमच्या तांडेलाने काही केलं तर नोटीस त्याच्या दारावर चिकटणार नाही. विक्रीकरारावर तो सही करायला तयार नसेल तर पैसे दिल्याचे बँकेतले व्यवहार, साक्षीदार आणि संस्थेतले जाणकार यांच्या आधारे आधी एक वकिली नोटीस पाठवा, आणि हस्तांतर होईपर्यंत नौका समुद्रावर पाठवू नका. १ ऑगस्टला बंदी उठते, सगळ्यांचे अर्ज त्याच सुमारास पडतात आणि कार्यालयात गर्दी होते. तुमचा अर्ज जूनमध्ये टाका.